चाळीसच्या वर

मी जन्मले त्या आठवड्यात बाबांनी स्पे नदीकाठच्या एका भट्टीत व्हिस्कीचं पिंप भरून ठेवलं. छोटंसंच, ओकच्या लाकडाचं, वर खडूने माझं नाव. मी अठरा वर्षांची झाले की फोडायचं ठरलं होतं. अठराव्या वर्षी बाबा म्हणाले, राहू दे अजून थोडं. पदवी मिळाली तेव्हाही तेच. माझ्या लग्नात पाहुण्यांना दुकानातली मिळाली, आणि त्याबद्दल एफी आत्याने भावाला अजून माफ केलेलं नाही.

यंदा भट्टीतून पत्र आलं. लाकडातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडते, तिचा जोरही उतरत जातो. मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या खाली गेला तर कायद्याने तिला व्हिस्की म्हणता येत नाही. लवकर येऊन बघा.

म्हणून आम्ही मॅलेगहून निघालो. गाडी मी चालवत होते. मागे सात महिन्यांची ऊना, तिच्या शेजारी आत्या. पुढे बाबा, टोपी मांडीवर धरून. वाटेत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा ऊनाला पाजायला.

"तेहेतीस वर्षं जपून काय मिळवलंस, लॉक्लन?" आत्या मागून म्हणाली. "महागडं सरबत."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. एरवी त्यांनी तिला सोडलं नसतं.

गोदामात जमीन मातीची, हवा गारठलेली. मी ऊनाला छातीशी बांधून कोटात घेतलं. गोदाम सांभाळणाऱ्या शोनाने बुचाच्या दोन्ही बाजूंना लाकडी हातोडीने ठोकलं, तसं ते आपसूक वर आलं. तांब्याच्या नळीने तिने थोडी व्हिस्की काढली, उंच काचेच्या भांड्यात ओतली आणि त्यात काचेचं तरंगतं माप सोडलं.

बाबांचा जन्म बोटींच्या इंजिनांत गेलाय. माप वाचायला ते कुणासाठी थांबत नाहीत. चष्मा वर करून वाकले.

"छत्तीस," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"माझंच चुकलं. वेळेवर फोडायला हवं होतं."

"मग का नाही फोडलंत, बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते टोपीची कड चाचपत राहिले. "आधी नुसता चिकटपणा होता, खोटं कशाला बोलू. पण मग तुमचं ते सुरू झालं. डॉक्टर, तपासण्या. म्हटलं, आता नातवंडाच्या नावानेच फोडू. मध्येच फोडलं असतं तर... मीच आशा सोडल्यासारखं झालं असतं, पोरी."

पाच वर्षं. शेजारणींनी विचारलं, सासूबाईंनी विचारलं. बाबांनी एकदाही नाही. फोन केला की गाडीचं तेल तपासलं का, एवढंच विचारायचे.

मी ऊनाच्या टोपीवर हात ठेवून उभी राहिले.

"काका, थांबा हो जरा," शोना म्हणाली. तिने भांड्यात तापमापक घातला. "नऊ अंश. माप वीस अंशांना धरून केलेलं असतं. थंडीत ते कमी दाखवतं." खिशातून कडा झिजलेलं कोष्टकांचं पुस्तक काढून ती बोट फिरवत खाली गेली. "चाळीस पूर्णांक चार."

"परत बघ."

तिने परत बघितलं. "चाळीस पूर्णांक चार. पुढच्या हिवाळ्याचं मात्र मी सांगत नाही."

आत्या शेजारच्या रिकाम्या पिंपावर बसली. "इंजिनवाला म्हणे. बोटी बुडाल्या कशा नाहीत तुझ्या?"

बाबांनी डोळे पुसले आणि शोनाला विचारलं, "बाटल्यांत आज भरता येईल?"

"आज कशी भरणार, काका? सोमवारी."

"बरं. पण सोमवारीच. मंगळवार नको."

दोघांना तिने पेल्यात एकेक घोट दिला. माझ्या हाती गाडी आणि अंगावर पिणारं बाळ, म्हणून मला अंगठ्याएवढ्या बाटलीत भरून दिली. ती मी लंगोटांच्या पिशवीत, सगळ्यात मऊ जागी ठेवली.

नदीवरचा पूल ओलांडला तसे बाबा मागे वळले.

"सरबत म्हणालीस ना, एफी? मग ऊनाच्या बाप्तिस्म्याला तुला सरबतच."

"तुझ्या हातून बाटली सुटेल तेव्हा ना."

मॅलेग येईपर्यंत ते भांडत होते. ऊना गाढ झोपली होती आणि मी त्यांना एकदाही हळू बोला म्हटलं नाही.