सगळ्यांबरोबर वाचणारी मुलगी

दुसरीच्या वर्गाचं वाचन म्हणजे शाळेची शान. मोठ्या बाई टेबलावर डस्टरचा ठेका धरायच्या आणि अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणायचा. त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज चिमणीचा. "पोरीला सगळं पुस्तक येतं," असं बाईंनी पालकसभेत सांगितलं, तेव्हा तिच्या इस्त्रीवाल्या आईचा ऊर भरून आला. त्या घरात वाचता येणारं दुसरं होतं कोण!

शेजारच्या वर्गावरच्या नव्या बाई मात्र एकेका पोराला जवळ बसवायच्या. आधी अक्षराचा आवाज, मग आवाजाला आवाज जोडून शब्द.

"अशानं पुस्तक संपेपर्यंत पोरांना मिशा फुटतील हो!" मोठ्या बाई हसायच्या.

"फुटू देत. चिमणीला एकटीला कधी ऐकलंय तुम्ही?"

"तिला काय ऐकायचं? तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो!"

आणि एके दिवशी चिमणीऐवजी तिची आईच वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, सासूबाई दवाखान्यात आहेत. घरात दोन बाटल्या. एक प्यायची, एक गुडघ्याला चोळायची. पोरीला म्हटलं, वाच गं. तिनं बोट फिरवत वाचलं, मी पाजलं. ते चोळायचं निघालं. जीव वाचेल म्हणतात. पण त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, तिला सगळं येतं?"

मोठ्या बाई शेजारच्या वर्गात नव्या बाईंकडे गेल्या.

संध्याकाळी दोघी शिक्षिका चिमणीच्या घरी गेल्या. कपड्यांच्या गठ्ठ्यांआड पोर अंग चोरून बसली होती. मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं. चिमणीनं धडा घडाघडा सुरू केला; बोट मात्र भलत्याच ओळीवर! बाईंनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "एवढाच सांग." पोरीनं चित्राकडे पाहिलं, बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अरे देवा! वर्षभर ही माझ्यासमोर ओरडत होती आणि मी ऐकलंच नाही!"

"पाठ करणारी पोरं हुशारच असतात," नव्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणून तर घोळक्यात लपतात. पण बाटलीवर काही धडा छापलेला नसतो. तिथं अक्षरच ओळखावं लागतं."

"मला येत नव्हतं म्हणून आजीला असं झालं?" चिमणीनं विचारलं.

मोठ्या बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "नाही गं बाळा. तुला येत नव्हतं, हे मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला ऐकायला घेतलं. निम्मा वर्ग नुसता सुरात सूर मिसळत होता. आजी घरी आली. तिला अजून पातळ पेजच चालते. चिमणी तिच्या उशाशी बसून एकेक अक्षर लावते, चुकते, रडते, पुन्हा लावते.

वाचकहो, आपलं लेकरू घडाघडा वाचतं म्हणून हुरळून जाऊ नका. त्याला जवळ घ्या, मधलाच एखादा शब्द विचारा. अडखळलं तर रागावू नका; तिथूनच त्याला शिकवायचं असतं. आणि त्यानं कुणाला तरी औषध वाचून देण्याआधी शिकवायचं असतं.