ढुमणे आणि ढुमे

"पाहुणे बसले की चहा घेऊन येजो, पण बोलजो नोको काही," स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून रूपराव बहिणीला म्हणाला. "जुनं कोनी काढलंच, तं मी पाहून घेतो."

कोकिळानं पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली. "जुनं म्हंजे कोनतं, भाऊ?"

रूपराव बाहेर जाऊन सतरंजीच्या सुरकुत्या सारख्या करू लागला.

त्याच्या मुलीला, समीक्षाला, पाहायला आज देवळीहून ढुमे येणार होते. पाहणं नावापुरतंच. समीक्षा आणि आदेश ढुमे नागपूरला एकाच कॉलेजात शिकले होते. आदेशला सरकारी नोकरी लागली आणि समीक्षानं घरी सांगून टाकलं. "ढुमे? चांगलं घर हाये," एवढंच म्हणून रूपराव तयार झाला. कोकिळा तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कोकिळा वर्ध्याच्या कॉलेजात होती तेव्हा हजेरी आडनावानं लागायची. ढोले आणि ढगे या भागात गल्लोगल्ली सापडतात. पण ढुमणे म्हणजे सेलूतलं हे एक घर, आणि ढुमे म्हणजे देवळीतलं एक. परीक्षेत ढुमणे कोकिळाच्या मागच्या बाकावर ढुमे ताराचंद यायचा. पोरं चिडवायची, मास्तरही 'ढ' म्हणून हसायचे. "हसू दे," ताराचंद म्हणायचा, "ढ हाये म्हनून तं जवळ बसलो."

पुढे ताराचंदच्या वडिलांनी, बाबारावांनी, रीतसर मागणी घातली. कोकिळाचे वडील अंथरुणाला खिळलेले होते, कारभार रूपरावच्या हाती होता. तो देवळीला गेला आणि बाबारावांच्या अंगणात उभं राहून त्यानं सांगितलं, की ढुमणे आणि ढुमे मुळात एकच. दोन भाऊ बैलावरून भांडले, धाकटा नदीपलीकडे गेला आणि रागानं आडनावातला 'ण' इकडेच टाकून गेला. एका कुळाचे, म्हणजे बहीण-भाऊ. ही सोयरीक होत नाही.

ही गोष्ट कोकिळानं त्याआधी कधी ऐकली नव्हती. हजार घरांचं आडनाव असतं तर कुणीतरी खोडून काढलं असतं. इथे दोनच घरं. तिसऱ्याला विचारायचं कुठे? ताराचंदच्या कामधंद्याचा तेव्हा पत्ता नव्हता, हे खरं कारण होतं. पण ते बोललं असतं तर ताराचंदनं काम शोधलं असतं. आडनावावर त्याचा इलाज नव्हता.

त्यानंतर दोन स्थळं आली, कोकिळानं नाही म्हटलं. मग स्थळं येणं बंद झालं. ती नर्स झाली, जवळच्याच उपकेंद्रात लागली. एकदा आर्वीकडे बदली होत होती. तिनं पेटीसुद्धा भरली होती. "आईले कोन पाहीन?" रूपराव म्हणाला, आणि पेटी पुन्हा मागच्या खोलीत गेली. सकाळी उपकेंद्र, संध्याकाळी त्या खोलीत आई. गावातल्या अर्ध्या पोरांच्या नाळा तिनं कापल्या; सगळे तिला सिस्टर म्हणत, घरात ती आत्या होती.

पाहुणे आले. आदेश, त्याचे आईवडील, आजोबा बाबाराव. आणि सगळ्यांच्या मागून, चपला दारात नीट काढून ठेवत, ताराचंद. मुलाचा काका. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला.

पोहे झाले. समीक्षा खाली मान घालून बसली होती, पण हसू तिला आवरत नव्हतं. कोकिळा चहाचा ट्रे घेऊन आली, तोच बाबारावांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"रूपराव, मले एक गोठ समजावून सांगा. तवा तुमी माह्या आंगनात म्हनलं, आपलं मूळ एक. आता काऊन चालून राह्यलं?"

"जाऊ द्या ना बाबाजी. आता कोन पाह्यते येवढं?"

"मी पाह्यतो. माह्या नातवाचा सवाल हाये. मूळ एक असन तं आमी उठतो."

आदेशचे वडील "बाबा, बाबा" करू लागले. म्हाताऱ्यानं हात वर केला. समीक्षाचा चेहरा पांढरा पडला होता.

"आमच्या वडलायच्या तोंडून ऐकलं होतं..." रूपराव अडखळला. "म्हंजे तसं पक्कं नोतं."

"पक्कं नोतं?" बाबारावांचा आवाज चढला. "तुमच्यावर आता माहा भरोसा नाई. त्या बाईले विचारतो. बाई, तुमी सांगा. एक का वेगळे?"

सगळ्या नजरा कोकिळाकडे वळल्या. एक म्हटलं असतं, तर तिच्या इतक्या वर्षांना निदान कारण तरी मिळालं असतं. रूपराव खरा ठरला असता आणि हे सगळे उठून गेले असते. वेगळे म्हटलं, तर ती वर्षं उगाचच गेली, हे चारचौघांत तिच्याच तोंडून निघणार होतं. समीक्षानं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. भिंतीकडे तिनं पाहिलं नाही.

"वेगळे हाये," ती म्हणाली. "पयलेपासून वेगळे."

"मंग तवा?"

"ते भाऊले विचारा."

पण रूपरावला कुणी काही विचारलं नाही. तो सतरंजीकडे बघत राहिला. बाबाराव मांडीवरची काठी खाली ठेवत म्हणाले, "पोरीले कुकू लावा."

निघताना ताराचंद ओट्यावर थोडा रेंगाळला. काहीतरी बोलेल असं वाटलं.

"येतो, कोकिळाबाई," तो म्हणाला.

"या."

गाडी वळल्यावर समीक्षा येऊन तिच्या गळ्यात पडली. रूपराव न जेवताच बाहेर निघून गेला. कोकिळा एक कप चहा बशीत ओतून मागच्या खोलीत आईपाशी गेली. धुरपताबाईंना आताशा दिवसाचं भान नसे. माणसं ओळखू येत नसत, लेकीलाही त्या दवाखान्यातली बाई समजत.

"कोन आलतं वं बाई?"

"ढुमे आलते. देवळीचे."

म्हातारीनं उशीवरून डोकं उचललं. "माह्या कोकीले पाहाले?"

कोकिळानं बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"हो."

"जमलं?"

"जमलं."

म्हातारीच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मंग सांग वं तिले, आता रडू नोको म्हनाव. कईची मोरीत बसून रडून राह्यली पोरगी."

कोकिळानं पदरानं आईची हनुवटी पुसली.

"सांगतो," ती म्हणाली, आणि चहावर हळूच फुंकर घातली.