एकदाच वाजलेली सीडी

"चंद्रा, हात का थांबला गो?" सुपरवायझर हितेश ओरडला. मी हातोडा धरून गाणं ऐकत तशीच उभी होते.

आमच्या भिवंडीच्या गोदामात दुकानांतून न खपता परत आलेल्या सीड्या यायच्या. डब्या कव्हरांसकट एका पोत्यात, चकत्या दुसऱ्या पोत्यात, आणि चकत्यांवर हातोडा. कोणी चोरून विकू नये म्हणून. साल दोन हजार पाच. त्या दिवशी हितेशला काय लहर आली कोण जाणे, एका विलायती पेटीतली एक सीडी त्यानं प्लेअरवर लावली. "स्का पंक लिवलंय, कसलं तरी विलायती गाणं. पुऱ्या पेटीतली एकपण खपली न्हाय. बघू तरी काय भानगड हाय."

भानगड कसली! गिटार उलट्या ठेक्यावर खटाखट, पोरं घसा फाटेस्तोवर ओरडतायत, आणि मध्येच ट्रम्पेट. अगं बाई! हळदीला नाचणाऱ्यांच्या अंगात येतं तसा तो सुरू झाला आणि हळूहळू असा रडवेला झाला की माझा हातोडा हवेतच राहिला. "डोकं उठवलं," म्हणून हितेशनं बंद केलं.

मला बाबा आठवला. बाळाराम ट्रम्पेटवाला. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलं. मग डीजे आले, बँड मोडला, त्याच्या छातीनंही दगा दिला. आता खाटेवर पडून एकच पालुपद, "ट्रम्पेटला कोन इचारतो? जलम वाया गेला माजा." ऐकून जीव तुटायचा. म्हटलं, काही होवो, हे त्याला ऐकवायचंच. जेवणाच्या सुट्टीत पोत्यातून तीच सीडी उचलली, ओढणीत लपवली. गेटवर झडती झाली, पण सुटले. घरी येऊन शेजारच्या करिष्माकडून प्लेअर मागून आणला.

डबी उघडली तर आत काहीच नाही! घाईत मी कव्हरांच्या पोत्यात हात घातला होता. रोज माझ्याच हातानं चकत्या वेगळ्या काढते, आणि मलाच भान नाही. "आज हे ऐकलं, बाबा," म्हणत मी रिकामी डबीच त्याच्या हातात दिली.

बाबानं डबी डोळ्यांजवळ नेली. कव्हरवर एक पोरगा ट्रम्पेट वाजवत होता.

"बोटा बग याची. पयला नि तिसरा बटन दाबलाय. खालचा सूर हाय. गालपन फुगवलं न्हाय. तयारीचा गडी हाय. तू गाऊन दाखव."

जमेल तसं गायले. बाबा मांडीवर ठेका धरत होता.

"मंग पुढं?"

"पुढं हितेशनं बंद केलं."

"लय खपली असंल न?"

"लय, बाबा."

तो हसला. "खपलेली चीज तुज्या हातोड्याखाली कशी आली गो?"

मला रडू फुटलं.

"रडतेस कनाला? एका मानसानं तरी नीट ऐकला ना? मंग झाला."

तो सहज बोलून गेला. मला मात्र ते काळजाला लागलं. दुसऱ्यांच्या वरातीत बाबा लाल कोट घालून वाजवायचा, तेव्हा मैत्रिणींसमोर लाज वाटायची म्हणून मी गल्लीच बदलायचे. त्याचं एकही गाणं मी कधी उभं राहून ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुझं वाजव ना. मी बसते."

"फुकाया दम न्हाय गो."

तरी मी खाटेखालून ट्रम्पेट काढून पुसून दिला. त्यानं तो ओठांना लावला नाही. छातीवर धरला, डोळे मिटले आणि नुसती बटणं दाबू लागला. टक, टक-टक, टक. एक अख्खं गाणं. कुठलं ते मला कळलं नाही. संपेपर्यंत मी हलले नाही.