मोकळं आवर्तन

चष्मेवाल्यांची लय ओढत चालली आहे हे त्यांना तोंडावर सांगायचं कुणी, हा प्रश्न तालमी सुरू झाल्या झाल्या उभा राहिला आणि कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत तसाच उभा राहिला. पियानोवाल्या बाईंनी नळवाल्याकडे पाहिलं. नळवाला एरवी नळ दुरुस्त करायचा आणि इथे डबल बास वाजवायचा; त्या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्याच्या आडून त्याने छताकडे पाहिलं. नाचणारी मंडळी बुटांच्या बांधलेल्याच नाड्या सोडून पुन्हा बांधत बसली. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात, पण चांगल्या माणसाची चूक सगळ्यांना मिळून गिळावी लागते.

चष्मेवाले म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर भिंगं घासून चष्मे करून देणारे. धंदा डोळ्यांचा आणि हौस कानांची. आठवडाभर लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि रविवारी हॉलमध्ये येऊन ड्रम वाजवायचा, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्याच हॉलमध्ये त्यांची बायको टॅप नाच शिकवायची. टाचेला आणि चवड्याला धातूच्या पत्र्या ठोकलेले बूट घालायचे आणि लाकडी फळ्यांवर पायांनी ठेका वाजवायचा, असा तो नाच. बघायला गंमत येते, पण खरा तो ऐकायचाच. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं आणि वर्ग मुलगी चालवत होती.

हॉलच्या फळ्या खालून कुजल्या होत्या. नव्या बसवायच्या तर पैसा हवा, म्हणून मुलीने जॅम ठरवला. तिकीट लावायचं, रेकॉर्ड न लावता समोर वाद्यं वाजवायची, आणि ज्याला टॅप येतो त्याने बूट घेऊन यायचं. रविवारी दुपारी जॅम आणि सोमवारी सकाळी सुतार फळ्या उखडणार, असा बेत होता.

जॅममध्ये बसवलेला नाच नसतो. सगळे गोल करून उभे राहतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठेक्याचं एक आवर्तन येतं. तेवढ्यात काय नाचायचं ते नाचायचं आणि शेवटच्या ठोक्याला पुढच्याच्या हाती द्यायचं. या मंडळींचा एक जुना नियम होता. गोलातलं कुणी गेलं, तर वर्षभर त्याचं आवर्तन कुणी घ्यायचं नाही. ते आलं की पियानो थांबायचा, बास थांबायचा, आणि फक्त ड्रमवाल्याने तारांच्या ब्रशने हलका ठेका चालू ठेवायचा. रिकाम्या फळ्यांकडे सगळ्यांनी बघत राहायचं. मग पुढच्याने सुरू करायचं. हा नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणात नव्हती.

चष्मेवाल्यांची लय ओढायला लागली ती तिथूनच.

खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून. शेवटच्या वर्षात बायकोचा दम कमी पडायला लागला होता. जिना चढून आली की ती खिडकीच्या चौकटीला हात लावून उभी राहायची आणि बाहेर काहीतरी बघते आहे असं दाखवायची. नाचताना तिची डावी टाच उशिरा पडायला लागली. हे फक्त चष्मेवाल्यांच्या कानाला कळलं. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी लय किंचित खाली आणली. पुढच्या महिन्यात आणखी किंचित. टाच पुन्हा जागेवर पडायला लागली, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाई अजून काय नाचतात असं लोक म्हणू लागले. चष्मेवाले मनातून सुखावले. संसारात बायकोला फार काही देता आलं नव्हतं, पण हे देता आलं, असं त्यांना वाटलं. नंतर ती गेली.

ती गेल्यावर पहिल्या तालमीत तिचं आवर्तन आलं. पियानो आणि बास थांबले. चष्मेवाल्यांनी ब्रश फिरवायला घेतला तो तिच्याच लयीत, तिला झेपेल अशा. दुसरी लय त्यांच्या मनगटात उरलीच नव्हती. आणि खिडकीपाशी टाच वाजली.

हलकीच, पण टाच. मग चवडा, मग पुन्हा टाच, जराशी उशिरा. चष्मेवाल्यांनी डोळे वर केले. फळ्यांवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि उन्हात कुणी नव्हतं. गोलातले लोक मान खाली घालून उभे होते. नळवाला नाक पुसत होता. पावलं आवर्तनाच्या शेवटापर्यंत चालली आणि शेवटच्या ठोक्यावर बरोबर थांबली. चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. पण भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. ती गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरी गेल्यावर जेवावंसं वाटलं.

तेव्हापासून त्यांनी ती लय सोडली नाही. नुसत्या तिच्या आवर्तनात हळू वाजवायचं आणि बाकीच्यांत चढवायचं, तर सगळ्यांना कळणार. शिवाय तिला आधीपासून अंदाज नको का? म्हणून पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सगळंच सावकाश. दर तालमीला पावलं यायची. आणि दर तालमीला ती थोडी जवळ यायची. आधी खिडकीपाशी, मग पियानोच्या मागे, मग पियानोच्या या अंगाला. एकदा तर एवढ्या जवळ आली की पावलांच्या मधला श्वास ऐकू आला. धाप लागलेल्या माणसाचा. चष्मेवाल्यांनी लय आणखी उतरवली. ती आपल्याकडे येते आहे, असं त्यांना वाटलं.

जॅमच्या दिवशी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा लोक भिंतींना टेकून उभे राहिले. दातांच्या दवाखान्यातली नर्स लाल बूट घालून आली होती. निवृत्त पोस्टमनने जुने बूट इतके चमकवले होते की तो नाचला नसता तरी तिकीट वसूल झालं असतं. मुलीने चार शब्द बोलून सगळ्यांचे आभार मानले, फळ्यांकडे बोट दाखवून आज या शेवटच्या असं सांगितलं, आणि जॅम सुरू झाला.

आणि फसायला लागला. त्या लयीत उडी मारली की खाली येऊन वाट बघावी लागायची. नर्सची पावलं ठोक्याच्या पुढे पळाली, ती गोंधळली आणि हसून बाजूला झाली. पोस्टमनने दोन ठोक्यांच्या मधली जागा भरायला हातवारे केले. लोकांनी हौसेने टाळ्यांचा ठेका धरला. तो ड्रमच्या पुढे गेला, मग विस्कटला, मग थांबला. मागच्या रांगेतली काही माणसं उठून कोट शोधायला लागली. पियानोवाल्या बाई लय ढकलून बघत होत्या, पण ड्रम हलेना.

बायकोचं आवर्तन आलं तेव्हा पावलं थेट ड्रमच्या पुढ्यात वाजली. टाच पडायला इतका उशीर झाला की चष्मेवाल्यांनी तिच्यासाठी ठोका अडवून धरला. मागे नळवाल्याने खाकरल्यासारखं केलं.

मध्यंतरात मुलगी त्यांना घडीच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत घेऊन गेली. खुर्च्या सगळ्या बाहेर गेल्या होत्या. खोलीत एक झाडू आणि रंगाचा जुना डबा तेवढा उरला होता. तिने दार लावून घेतलं.

"बाबा, लय ओढताय तुम्ही."

"माहीत आहे मला."

आपले बाबा थकले, कान गेले, हात दुखतो, असं काहीतरी ऐकायची तिने तयारी केली होती. हे उत्तर तिच्या तयारीत नव्हतं. मग ओढता कशाला, असं तिने विचारलं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"चढी लय धरली तर तुझ्या आईला झेपणार नाही."

मुलगी रंगाच्या डब्यावर बसली. ती हसली नाही आणि घाबरलीही नाही. कुठे ऐकू येतं, कधीपासून, कसं, हे तिने एकेक करून विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. खिडकी, पियानो, धाप, जवळ येत चाललेली पावलं. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्याला काही ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. मग बराच वेळ ती बुटाच्या पत्रीवरचा ओरखडा नखाने घासत राहिली.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही लय उतरवत होता ते. पहिल्याच दिवशी कळलं तिला. तिच्या पायांना कळणार नाही?"

"मग बोलली का नाही?"

"मला म्हणाली होती. म्हणाली, मला आता बसायचंय गं. पण हे एवढे सांभाळून घेतात, यांच्यासमोर बसू कशी?"

बाहेर कुणीतरी पियानोवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं. मुलगी आणखी बोलली. या गोष्टीचा आपल्याला वर्षभर राग होता, असं तिने सांगितलं. बाबांचा, आणि आईचाही. दोघंही एकमेकांना इतकं जपत होती की कुणी तोंड उघडेना, आणि आई शेवटच्या महिन्यातसुद्धा बूट चढवून जिना चढत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि उठली.

"दुसऱ्या भागात तुम्हाला हवं तसं वाजवा. मी सगळ्यांना सांगते, सांभाळून घ्या म्हणून."

मुलगी बाहेर गेली. चष्मेवाले झाडूजवळ उभे राहिले. दुःख त्यांना नंतर झालं. आधी लाज वाटली. वर्षभर बायको एकेक फळी ओलांडत त्यांच्याकडे येत होती आणि त्यांना वाटलं होतं माया आहे. मायाही असेल. पण धाप लागलेलं माणूस दुसऱ्याच्या जवळ येतं ते काहीतरी मागायला, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती.

ते परत ड्रमवर जाऊन बसले तेव्हा गोल उभा राहिला होता. सगळे त्यांच्याकडे फार मायेने बघत होते. मुलीने सांगितलेलं दिसत होतं. पियानोवाल्या बाईंनी तर मान डोलावून, करा तुमच्या सवडीने, असं खुणावलं. ती माया त्यांना सोसेना. त्यांनी काठ्या एकमेकींवर आपटून लय दिली.

नळवाल्याच्या भुवया कपाळावर गेल्या. ही लय या हॉलने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. बास धडपडत मागून आला, मग जागेवर बसला. नर्सने आवर्तन घेतलं आणि तिच्या लाल बुटांना अखेर जमीन सापडली. पोस्टमनचे हात गप्प झाले आणि पाय बोलायला लागले. कोट अंगात घातलेली माणसं दारापाशीच उभी राहून टाळ्या वाजवू लागली, आणि त्या टाळ्या आता कुठेही पुढे पळाल्या नाहीत. जुन्या फळ्या दणदणत होत्या. मुलगी हसत होती आणि तिचे गाल ओले होते.

मग बायकोचं आवर्तन आलं.

पियानो थांबला, बास थांबला, टाळ्या आपोआप विरल्या. चष्मेवाल्यांनी काठ्या ठेवून ब्रश उचलले आणि त्याच लयीत फिरवायला लागले. पुढ्यातच टाच वाजली. तिने पहिले ठोके गाठले. अगदी बरोबर गाठले, पूर्वीसारखे. चष्मेवाल्यांना वाटलं, जमतंय की तिला. मग डावी टाच उशिरा पडली. मग उजवीही. श्वास ऐकू आला, तोंडाने घेतलेला, तुटक. पावलं लयीच्या मागे पळत होती, हाक न मारता, हट्टाने.

मनगट आपसूक सैल व्हायला लागलं. सवयीने. एवढंसं उतरवलं असतं तर तिने गाठलं असतं. उद्या फळ्या जाणार होत्या आणि असं ऐकू येणं पुन्हा होणार नव्हतं. चष्मेवाल्यांनी मनगट आवळलं आणि लय होती तिथेच ठेवली. आयुष्यात एवढं जड काही त्यांनी उचललं नव्हतं.

"दमलीस," ते म्हणाले. आवाज न चढवता, घरात बोलावं तसं. "बैस आता."

नुसतं शेवटचं कानावर पडल्यामुळे, आपल्यालाच बसायला सांगताहेत असं वाटून नळवाला कुजबुजला की तो उभाच बरा आहे.

आणखी एक पाऊल पडलं, अर्धवट, नुसता चवडा. टाच त्यामागून आली नाही. चष्मेवाल्यांनी कान देऊन वाट पाहिली, पण हात थांबवला नाही. रिकाम्या फळ्यांकडे सगळे बघत होते. आवर्तन अजून बरंच उरलं होतं. उरलेले ठोके चष्मेवाल्यांनी एकट्याने वाजवले, एकही मागे पडू न देता.