जानरावची तार

हरीण पाहून ज्याले गोड वाटते ना, त्यानं चार दिवस माह्या वावरात येऊन राहावं. मंग सांगावं गोड हाये का कडू. शहरातले लोक रस्त्यावर गाडी थांबवतात, मोबाईल काढतात, "अय्या, कित्ती गोड" करतात. अन् इकडे तीसचाळीस चितळांचा कळप एका सकाळी माह्या अर्ध्या एकरातला हरभरा साफ करून जाते. घाटा ठेवत नाही मेले, शेंडा ठेवत नाही. वरतून असं पाहतात जसं आपणच त्यांच्या वावरात घुसलो.

वरूडच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं वावर हाये. वावर संपलं का नाला, नाला ओलांडला का जंगल. मालक गेले त्याले सात वर्षं झाली, तेव्हापासून राखण माह्याकडे. हरभऱ्याच्या दिवसात मी फटफटलं का मचाणावर चढते अन् नऊले उतरते. दुपारी चारले पुन्हा. सोबतीले एक तेलाचा रिकामा डबा अन् एक काठी.

तीस वर्षं पाहून राहिली मी त्यांले. पहिले एक मादी येते, सध्या एक फाटक्या कानाची हाये. नाल्याच्या काठावर उभी राहते, पुढचा एक पाय उचलून धरते, नाक वर करते. मी मचाणावर हललीसुद्धा तर पाय आपटते. सगळं ठीक वाटलं का मागून बाकीचे येतात, पिल्लं मधात, मोठ्या शिंगाचे नर शेवटी, नवरदेवासारखे. अन् काही वास आला, काही दिसलं, का तिचं शेपूट ताठ वर. मंग ती असं कर्कश ओरडते का पूर्ण जंगल जागं होते. त्या ओरडण्यावरून मी सांगू शकते माणूस आला, कुत्रं आलं का आणखी कोण.

यंदा दिवाळीपासून आणखी कोण ते आलं. बिबट. मादी होती. पहिल्यांदा दिसली तेव्हा डबा वाजवाचंही मले सुचलं नाही, खोटं काहून बोलू? उभ्या तुरीच्या दोन ओळींच्या मधात पोट जमिनीले टेकवून सरकत होती, अन् तिच्या पाठीवर दव पडलेलं मले वरतून दिसत होतं. कळप हरभऱ्यात. फाटक्या कानाची ओरडेपर्यंत तिनं एक पाडस उचललं होतं. पंधरा दिवसांत असे तीन गेले. चौथ्यांदा कळप माह्या वावराकडे फिरकलाच नाही.

मंग मी तिचं नाव ठेवलं जमादारीण. पगार नाही, सुट्टी नाही, अन् राखण अशी का दाणा हलला नाही. गावातल्या बाया म्हणत, "चतुराबाई, भेव नाही लागत?" म्हटलं, लागते ना. पण माह्या जवान पोट्ट्यांनी जे काम कधी केलं नाही, ते ती करून राहिली. ते दोघं तिकडे अमरावतीले, वावराचं नाव काढलं का त्यांचं डोकं दुखते.

आता हरणं उपाशी तर मरणार नाहीत. ते गेले शेजारी. अन् शेजारी कोण, तर माहा दीर जानराव.

त्यानं दोन वर्षांआधी संत्र्याची तीनशे कलमं लावली होती, पोरासारखी वाढवली होती. हरणांनी पाला खाल्ला, नरांनी शिंगं घासून घासून साल सोलली. रोज सकाळी चार झाडं गेलेली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आज म्हणते. तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा आमी बोलतच नव्हतो.

त्याचं असं झालं. आमच्या दोघांच्या वावरांमधातल्या धुऱ्यावरचे, म्हंजे बांधावरचे, हद्दीचे गोटे दोन हात माह्याकडे सरकलेले मले दिसले. गावात जेवणाची पंगत होती, तिथं पन्नास लोकांच्या समोर मी त्याले म्हटलं, धुराचोर. भरल्या ताटावरून उठला तो. तेव्हापासून दोन वर्षं त्यानं मले वहिनी म्हटलं नाही, मी त्याले जानराव म्हटलं नाही. गोटे त्यानं सरकवले का पाण्यानं गेले, देव जाणे. पण 'धुराचोर' हा शब्द त्याच्या मनाले असा लागून बसला होता का कोणी मस्करीत म्हटलं तरी तो मारामारीवर येत होता.

तर पौषात एका सकाळी मी मचाणावरून पाहते तं नाल्याच्या बाजूनं अन् आमच्या धुऱ्यावरून, गुडघाभर उंचीवर, खुंट्यांले बांधलेली उघडी तार. मले समजलं. शेतीची लाईन आमच्याकडे एक हप्ता रातची येते, एक हप्ता दिवसाची. रातच्या हप्त्यात हा बाबा खांबावर आकडा टाकून तारेत लाईन सोडून राहिला होता.

जाऊ नळावर भेटली. माधवी, जानरावची बायको. तिचं माह्यं बोलणं होतं, नवऱ्याच्या माघारी. मी म्हटलं, "माधवी, सांग तुह्या माणसाले. तार काढ म्हणा. जमादारीण मरन त्याच्यात."

ती म्हणे, "बाई, म्या सांगून पाह्यलं. म्हणते, तिची बिबट तिच्या हरभऱ्याची राखण करते, माह्या बागेचं कोण करते?"

"अन् माणूस मेला तर?"

"म्हणते रातच्याले वावरात कोण माणूस येते?"

याच हप्त्यात वनरक्षक पोट्टी आली, प्रणाली. गाडी नाल्याशी लावून पायी फिरते ती, बारीक दिसते पण कामाची हाये. जमादारीणच्या पावलांचे ठसे पाहत पाहत माह्या मचाणाखाली आली. म्हणे, "मावशी, तुमी सगळं वरून पाहता. इकडे कोणी लाईनची तार लावते का? खालच्या गावात एक रानडुक्कर असंच मेलं. बिबट मेली तर सरळ जेल हाये मावशी."

धुरा तिच्या पाठीशी, पन्नास पावलांवर. मागं वळून पाहिलं असतं तर खुंट्या दिसल्या असत्या.

"मले कुठं एवढं दिसते बाई," मी म्हटलं. "मोतीबिंदू हाये."

काहून बोलली खोटं? तर घरातला माणूस. मी त्याले पन्नास लोकांत चोर म्हणीन, पण त्याले सरकारी गाडीत बसवून नेलेलं पाहणार नाही. भांडण माह्यं हाये, मीच पाहून घेईन, असा माहा माज. मोतीबिंदू नाही मले. दूरचं अजून चांगलं दिसते.

मंग तो सोमवार आला.

रातचा हप्ता त्या पहाटे संपला होता. पूर्ण हप्ताभर सकाळच्याले तार मेलेली राहत होती, म्हणून आकडा काढाची जानरावची सवय सुटली होती. तो तसाच खांबावर लटकून होता. साडेआठ वाजले असतील. मी खाली उतराच्या बेतात होती, तेवढ्यात माह्या विहिरीवरची मोटर आपोआप गुरगुरली. आटोवर ठेवतो आमी, लाईन आली का सुरू होते. म्हटलं, हां, दिवसाची पाळी लागली. एवढंच म्हटलं. पुढचा विचार डोक्यात आलाच नाही.

कळप जानरावच्या बागेत होता. आरामात, घरचं असल्यासारखा. अन् फाटक्या कानाचीनं पाय आपटला. शेपूट वर. ओरडली.

नाल्यातून जमादारीण निघाली होती. ती काही लपली नाही त्या दिवशी, नाल्याकडची तार उडी मारून ओलांडली अन् सरळ धावली. कळप फुटला अन् माह्या वावराकडे सुटला, धुऱ्यावरून उड्या मारत. एकामागं एक तारेवरून पार. शेवटच्या एका जवान नराचा पुढचा पाय खाली राहिला. टिचकन आवाज आला, ठिणगी दिसली. तो तिथंच पडला. तडफडलासुद्धा नाही.

अन् तेव्हा मले समजलं का तार जिवंत हाये.

जमादारीण थांबली. आयतं पडलेलं पाहून तिलेही नवल वाटलं असन. मंग डोकं खाली घालून त्या चितळाकडे चालाले लागली. त्याची मान तारेवरच होती. तिनं तोंड लावलं असतं का खेळ खलास.

मी उभी राहिली अन् डबा बडवाले लागली. बोंबलली, "हाट! हाट! चाल तिकडे! मरशील व!" आख्खा हंगाम जिनं माह्यं वावर राखलं तिले मी डबा बडवून बडवून हाकलत होती. तिनं मान वर केली, माह्याकडे पाहिलं, अन् गेली. पुन्हा तशीच उडी मारून नाल्यात उतरली. परत काही दिसली नाही.

वाचली, म्हटलं. बसली मी फळीवर.

अन् पाहते तं जानराव.

आमच्याकडे सकाळच्याले वावरात डबा वाजला अन् बाईमाणूस ओरडलं तर त्याचा एकच अर्थ होते. तो बागेच्या पलीकडच्या ढोरांच्या कोठ्यातून निघाला होता, हातात कुऱ्हाड, पायात काही नाही. दोन वर्षं ज्यानं माह्या सावलीले तोंड दाखवलं नाही, तो माणूस कलमं तुडवत सरळ माह्याकडे धावून राहिला होता. अन् त्याच्या माह्या मधात तार.

मी दोन्ही हात हलवले, थांब म्हणून. त्याले वाटलं बोलावते. आणखी जोरात धावला. मी डबा फेकला अन् ओरडली, "तार! जानराव, तार!"

"लाईन नाही तिच्यात!" तो धावता धावता ओरडला. "कुठं हाये बिबट? वरच राय, उतरू नको!"

काय करू? त्याले ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. लाईन आली म्हणून समजावून सांगेपर्यंत तो तारेवर गेला असता. वीस पावलं राहिली. पंधरा. अन् माह्या तोंडातून ते निघालं. ठरवून नाही, खोटं काहून सांगू, आपसूक निघालं.

"धुराचोर! अबे धुराचोर! बापाच्या धुऱ्याचे गोटे सरकवले तू! थू तुह्या तोंडावर, चोट्टा!"

थांबला.

कुऱ्हाड वर, तोंड लाल, तारेपासून चार हात दूर, जागच्या जागी खिळला. "काय म्हटलं?" तो गरजला. "माह्या बापाचं नाव घेते? मी तुह्यासाठी जीव मुठीत घेऊन धावून राहिलो, अन् तू मले... तुले बिबटनं खाल्लं असतं तर बरं झालं असतं! थुंकतो मी तुह्या..."

मी त्याले बोलू दिलं. जितका बोलन तितका बरा. फक्त बोटानं दाखवलं, खाली पाहा.

त्यानं पाहिलं. चितळ पडलेलं, मान तारेवर, केस जळल्याचा वास त्यालेही आला असन. माह्या मोटरीकडे पाहिलं, पाइपातून पाणी पडून राहिलं होतं. मंग खांबाकडे. त्याची शिवी अर्धीच राहिली. तो खाली बसला, ढेकळांत, कुऱ्हाड मांडीवर घेऊन.

मंग उठला, वाळक्या बांबूनं आकडा काढला. मचाणाखाली आला. वर न पाहता म्हणे, "दोघं मिळून उचलू. नाल्यात टाकू. कोणाले समजत नाही."

पण डबा एकट्या त्यानंच ऐकला नव्हता. माधवी धापा टाकत येऊन राहिली होती, तिच्या मागून आणखी दोघंतिघं. अन् नाल्याकडून प्रणाली, दोन मजुरांसंग. तिनं चितळ पाहिलं, खुंट्या पाहिल्या, ढेकळांत पडलेला आकडा पाहिला. आवाज चढवला नाही तिनं. म्हणे, "मावशी, मागं मी तुमाले विचारलं होतं. आता पुन्हा विचारते. कोणाची तार?"

जानराव माह्याकडे पाहत होता. त्याच्या पायाले काटे घुसले होते, एका टाचेतून रक्त निघत होतं. माधवीनं माहा पदर धरला. "बाई," एवढंच म्हणे, "बाई."

मी माधवीकडे पाहिलं. तीही डबा ऐकूनच धावली होती. तीही त्याच धुऱ्यावरून आली असती. जानरावले थांबवाले माह्याजवळ एक शिवी होती. माधवीले मी काय म्हणून थांबवलं असतं? तिचं माह्यं तर कधी भांडणच झालं नाही.

"जानरावची," मी म्हटलं. "माह्या दिराची. मागं खोटं बोलली मी. दिसते मले सगळं."

माधवीनं पदर सोडला. मले वाटलं होतं जानराव अंगावर येईन. नाही आला. तो प्रणालीले म्हणे, "चप्पल घालू द्या," अन् कोठ्याकडे चालला. त्या पोट्टीनं जाऊ दिलं त्याले.

गाडी नाल्यापाशी उभी होती. जाताना तो माह्या मचाणाच्या बाजूनं गेला. मले वाटलं, आता थुंकते. थांबला अन् धुऱ्याकडे पाहत बोलला, तसाच खेकसून.

"एकटी बसू नको इथं उद्यापासून. ती बिबट पिसाळली असन. अन् मी नाही आता धावाले."

मले त्याचा इतका राग आला का मी तिथंच फळीवर बसून मोठ्यानं रडली, सगळ्या लोकांच्या समोर.