फरशीवरच्या खुणा

चष्मा पलंगाखाली घरंगळला म्हणून अण्णा गुडघे सांभाळत कसेबसे वाकले, आणि त्यांना फरशीवर पेन्सिलीची एक बारीक, सरळ रेघ दिसली. टोकाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. पलीकडे दुसरी रेघ होती. तिसरी कपाटाच्या पायाशी.

अण्णा बसखात्यात तिकीट तपासनीस होते. उभा जन्म लोकांचे चेहरे वाचण्यात गेला. निवृत्तीच्या दिवशी गणवेश परत केला, पण नजर तेवढी घरी घेऊन आले. दूधवाला जरा जास्त गोड हसला तरी त्यांना दुधात पाणी दिसायचं. त्यामुळे आपल्या खोलीत, आपल्या नकळत, कोणीतरी मापं घेतंय हे कळल्यावर त्यांचं डोकं तिथल्या तिथे पळायला लागलं.

घरात माणसं तीन. मुलगा कारखान्यात, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि त्याला सरळ रेघ मारता येत नाही हे अण्णांना शाळेपासून ठाऊक होतं. राहिली सूनबाई. ती आर्किटेक्ट. रेघा मारणं हा तिचा धंदाच.

अण्णांची खोली तळमजल्यावर, घराच्या मागच्या अंगाला. मुळात ती अडगळीची खोली म्हणून बांधलेली. जिना चढवेना तसे अण्णा खाली आले, आणि या खोलीला उंच खिडकी आहे हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. सकाळी ऊन कपाटावर पडायचं, मग उतरून फरशीवरून सरकत पलंगाशी यायचं. अण्णा खुर्ची त्याच्यामागे सरकवत गुडघे शेकत बसायचे. वैद्यानं दिलेल्या तेलापेक्षा त्यांचा या उन्हावर भरवसा जास्त.

दुपारी ते दाढीच्या निमित्तानं न्हाव्याकडे जाऊन बसत. न्हावी सहज बोलून गेला, "तुमच्या सूनबाई हल्ली दुपारच्या घरी येतात वाटतं. काल लगबगीनं गेल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी निघताना दाराच्या फटीत कागदाचा कपटा खोचला. परत आले तेव्हा कपटा खाली पडला होता आणि फरशीवर एक रेघ वाढली होती.

रात्री जेवताना त्यांनी खडा टाकून पाहिला. "या घराला गिऱ्हाईक चांगलं मिळेल, नाही?"

"कशाला विकायचंय?" मुलगा म्हणाला.

सून ताटातून वर बघेना. अण्णांना तेवढं पुरलं. बिनतिकिटाचा माणूस असाच खिडकीबाहेर बघत बसतो.

त्यानंतर चारआठ दिवसांत एक माणूस मागच्या दाराशी आला. हातात मोजायची फीत, खिशाला पेन. "नगरपालिकेतून आलोय. ही मागची खोली बघायची होती. इथं कोण राहतं?"

अण्णांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. बूट स्वच्छ होते. सरकारी माणसाचे बूट असे नसतात. हा खोली बघायला आलेला दलाल, आणि त्याला धाडलं कोणी, हे त्यांना विचारावंही लागलं नाही.

"कोणी राहत नाही," ते म्हणाले. "अडगळ आहे."

"पलंग दिसतोय."

"मोडका आहे. शिवाय ढेकूण झालेत. भिंतीला ओल आहे, छताचं काही सांगता येत नाही. मी असतो वर."

माणसानं पायरीवरूनच डोकावून पाहिलं, ढेकणांचं नाव ऐकून आत पाऊल टाकलं नाही, आणि कागदावर काहीतरी टिपून गेला. बऱ्याच दिवसांनी एखादा पकडला असं अण्णांना वाटलं. ते खुशीत येऊन खुर्ची उन्हात ओढून बसले.

तिन्हीसांजेला सून आली ती तोंड उतरवून. पिशवी टेकवली आणि सरळ अण्णांच्या खोलीत आली. "अण्णा, आज कोणी आलं होतं?"

"आलं होतं की. तूच धाडलेला माणूस, मलाच काय विचारतेस?"

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, अडगळ आहे म्हणून. घे आता गिऱ्हाईक." इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "माझ्या माघारी मापं घेतेस. मला कुठं हलवायचं ते तरी ठरलंय का?"

सून मटकन पलंगावर बसली. मग म्हणाली, "ती तुमच्या खोलीची मापं नाहीत. ऊन कुठवर येतं त्याच्या खुणा आहेत, शेजारी वेळ लिहिलीय."

तिनं सांगितलं ते असं. मागच्या मोकळ्या जागेवर उंच इमारत व्हायची होती, आणि तिचं काम सुनेच्याच ऑफिसकडे होतं. शेजारच्या राहत्या खोलीचं ऊन तुटत असेल तर इमारत मागे सरकवावी लागते, असा नियम. पण ऑफिसच्या नकाशात या खिडकीमागे 'अडगळ' असं लिहिलेलं, घराच्या जुन्या नकाशावरून उतरवलेलं. अडगळीचं ऊन गेलं तर कोणाचं काही जात नाही. तिनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, नकाशात आहे तेच खरं. मग तिनं गुपचूप नगरपालिकेत अर्ज केला आणि उन्हाच्या खुणा करायला घेतल्या. आज तिथं चौकशी केली, तर अर्जावर 'अडगळच' असा शेरा पडलेला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या पोटात राहिलं असतं? दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना कळलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या साहेबांना."

हे खरं होतं, म्हणून अण्णांना अधिकच झोंबलं. "कशावरून खरं बोलतेस?" ते म्हणाले.

सून उठली आणि तिच्या कपाटातून पुठ्ठ्याचं एक घर घेऊन आली. आपलंच घर, काडेपेट्यांएवढ्या खोल्यांचं. मागे तिनं पुठ्ठ्याची उंच इमारत उभी केली, दिवा घालवला आणि टॉर्च पेटवला. "हा थंडीतला सूर्य," असं म्हणत तिनं टॉर्च हळूहळू फिरवला. इमारतीची सावली घरावर चढली आणि मागची खिडकी काळी पडली.

अण्णांनी टॉर्च तिच्या हातातून घेतला. यात हातचलाखी असणार. त्यांनी तो या अंगानं धरून पाहिला, त्या अंगानं धरून पाहिला, जरा वर नेला.

"इतक्या वर नाही येत अण्णा सूर्य, थंडीत."

त्यांनी खाली आणला. पुन्हा फिरवला. छोट्या खोलीत उजेडाचा ठिपकासुद्धा पडला नाही. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. अण्णांनी टॉर्च विझवला.

"मी उद्या जाऊन सांगतो, खोटं बोललो म्हणून," ते म्हणाले.

नगरपालिकेत तोच स्वच्छ बुटांचा माणूस टेबलामागे बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलला. "काल अडगळ होती. आज तुम्ही तिथं राहता. सूनबाईंनी पढवलं वाटतं?"

ही नजर अण्णांच्या ओळखीची होती. फक्त इतकी वर्षं ती त्यांची होती, आणि समोरचा माणूस खिसे चाचपत असायचा. काय बोललं तरी खोटंच वाटणार, हे त्यांना चांगलं कळत होतं.

"आता काही पटवत नाही तुम्हाला," ते म्हणाले. "कधीही या. न सांगता या."

तो खरोखर न सांगता आला. अण्णा खिडकीशी खुर्चीत, धोतर गुडघ्यावर घेऊन, तोंड उघडं टाकून उन्हात घोरत होते. पलंगावर औषधाच्या बाटल्या, उशीशी दातांची कवळी. माणसानं खोकून त्यांना उठवलंही नाही. ढेकूण तेवढे वाकून शोधले, सापडले नाहीत, आणि तो निघून गेला. हे सगळं सुनेनं दारातून पाहिलं म्हणून कळलं.

इमारतीचे वरचे मजले मागे घ्यावे लागले. खालचे आहेत तिथेच राहिले. अर्ज कोणाचा हे साहेबांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी सुनेला काढलं नाही, पण एकही काम देईनात. शेवटी तीच कंटाळून एका लहान ऑफिसात गेली. तिथे शाळांच्या वर्गांची डागडुजी चालते. पगार कमी, पण मान वर करून बसता येतं, असं ती म्हणते. अण्णांनी तिची माफी अशी मागितली नाही. दाराच्या फटीत कपटा खोचणं मात्र सोडलं.

थंडीत आता ऊन सकाळी कपाटावर येतं, मधे बराच वेळ गायब होतं, आणि दुपारी पुन्हा थोडं पलंगाशी पडतं. पूर्वीच्या निम्मंही नाही. अण्णा ते जाऊन येईपर्यंत खुर्चीतच बसून राहतात.

इमारतीत माणसं राहायला आली. समोरच्या खिडकीला एक दिवस जाड पडदा लागला.

"त्या समोरच्या बाई भेटल्या होत्या," सून म्हणाली. "विचारत होत्या, तुमचे सासरे दिवसभर आमच्या घराकडे टक लावून का बघतात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ते उन्हाची वाट बघतात."

"पटलं त्यांना?"

"नाही."

अण्णांनी थोडा विचार केला. मग उठून त्यांनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसले.