सरांच्या दाराजवळची पेटी

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. पोहण्याच्या तलावावर, प्रशिक्षक सरांच्या दाराला लागून मला टांगलेलं होतं. समोर चषकांचं काचेचं कपाट. त्याला रोज फडकं मिळायचं, पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सुताराने मला जाड फळीची, मजबूत बनवली होती. क्लबच्या अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात मला टांगलं आणि किल्ली दिली कुणाला, तर सरांनाच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मग माझ्या पोटात काय पडणार? गोळ्यांचे कागद.

दिसत मात्र मला सगळं होतं. हळू पोहणाऱ्या पोरांचं डोकं सर पाण्याखाली दाबून धरायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. त्या पोरांत सगळ्यांत लहान होती ती चिमणी नावाची पोरगी. एकदा ती टाचा उंचावून माझ्यात चिठ्ठी टाकणार, तोच सरांचं दार करकरलं. तिने चिठ्ठी टोपीत कोंबली आणि पळाली. तोंडचा घास गेला माझा! खोटं कशाला बोलू, मला तिचाच राग आला.

त्याच संध्याकाळी बसवर कंडक्टर असलेली तिची आत्या तिला न्यायला आली. कपाटाखालच्या बाकावर ती चिमणीचे केस पुसायला गेली, तर पोरगी अंग चोरून मागे सरली. आत्याने टॉवेल बाजूला ठेवला आणि तिच्याशेजारी बसली.

"तुला वाटेल तेव्हा सांग. मी कुठे जात नाही."

मग चिमणीने सगळं सांगितलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," आत्या म्हणाली आणि तिला घेऊन थेट पोलीस चौकीत गेली.

दुसऱ्या दिवशी पालक जमले. एक बाप कुरकुरला, आता चषक कोण आणणार? आत्याने त्याला विचारलं, तुमचा मुलगा घरी डोक्यावरून पाणी घेतो का? त्याचा मुलगा घेत नव्हता. मग एकेक पोर बोलायला लागलं. सरांना काढलं, त्यांच्यावर खटला चालू आहे.

आता मी मुलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीपाशी असते आणि किल्ली बाहेरच्या एका बाईंकडे असते. पण चिमणी मला ओलांडून आत्याकडेच धावते. काम माझं, मान तिचा! दोन कानांच्या बाईवर मी अजून जळते.

तरी एक विनंती ऐका. मोठ्यांनो, मला रिकामी पाहून सगळं ठीक आहे असं समजू नका. अध्यक्ष दर सभेत तेच म्हणायचे, आणि पलीकडे पोरं पाण्याखाली असायची. आणि मित्रांनो, तुम्हाला कुणी त्रास दिला तर सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. मला सोडून आत्याला सांगितलंत तर मी जळेन. जळू द्या मला.